मातीच्या भांड्याला उरुशी, लाकूड आणि वेत : जपानी पद्धतीचे जोडकाम

भाजलेली माती एकदा भट्टीतून बाहेर आली की जागची हलत नाही. तिच्या सोबतीला येणारे बाकी सगळे हलते. लाकूड पावसाळ्यात फुगते, वेत वाळताना आखडतो, उरुशी नावाचा झाडाचा चीक हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. जपानी कारागिरांनी मातीच्या भांड्यांना ज्या ज्या परक्या साहित्याची जोड दिली, तिथे त्यांनी या हालचालीला आधीच जागा सोडली. जोडकाम बिघडते ते बहुतेक वेळा ही जागा न सोडल्यामुळे किंवा वाळण्याची घाई केल्यामुळे. या लेखात तीन कामे घेतली आहेत. फुटलेले भांडे उरुशी आणि सोन्याने सांधणे, म्हणजे किन्त्सुगी, हे सर्वांत कठीण आहे, म्हणून त्यावर सर्वाधिक भर आहे. त्यानंतर पाण्याच्या भांड्याला लाकडी झाकण आणि दोबिन नावाच्या चहाच्या किटलीला वेताची मूठ.

उरुशी : आधी तिची ओळख

उरुशी म्हणजे उरुशीच्या झाडाचा चीक. जपानमध्ये सर्वांत जास्त उरुशी इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात निघते, पण जपानच्या बाजारात वापरली जाणारी बरीचशी उरुशी चीनमधून येते. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला एका हंगामात खाचा पाडून साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो. किंमत जास्त असण्याचे कारण हेच.

हे झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले आहे. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सोलतात किंवा ज्यांच्या अंगावर बिब्बा उततो, त्यांनी उरुशीला फार जपून हात लावावा. त्वचेला त्रास देणारे द्रव्य तिन्हींत एकाच जातीचे असते. पुरळ लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी खाज सुटते आणि ती दोन-तीन आठवडे छळते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टेबलावर वर्तमानपत्र, एवढे हवेच. उरुशी कातडीला लागलीच तर पाण्याने चोळू नका, ती पसरते. आधी गोडेतेल लावून कापडाने पुसा, मग साबणाने धुवा. पूर्ण घट्ट झालेल्या उरुशीचा मात्र त्रास होत नाही. तिचे वाडगे जपानमध्ये रोज जेवणात असतात.

विकत घेताना तीन प्रकार घ्या. कच्ची उरुशी (किउरुशी) १० ग्रॅम, काळी ५ ग्रॅम आणि लोहभस्माचा लाल रंग घातलेली बेन्गारा उरुशी ५ ग्रॅम. एवढ्यात दोन-तीन वाडगे सहज होतात.

बाजारात ‘किन्त्सुगी किट’ म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे इपॉक्सी आणि पितळी पूड असते. शोभेच्या वस्तूला ते चालेल, पण चहाच्या पेल्याला वापरू नये. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला ‘कॅशू’ नावाचा जपानी रंग दिसायला उरुशीसारखाच असतो, पण तोही खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख ही आणखी वेगळी वस्तू. ती किड्यापासून मिळते आणि गरम चहाच्या तापमानाला मऊ पडते, म्हणून उरुशीच्या जागी ती कामाची नाही.

मुरो : वाळवण्याचा दमट खोका

उरुशी पाणी उडून वाळत नाही. तिच्यात एक विकर (एन्झाइम) असतो. तो हवेतला प्राणवायू आणि ओलावा यांच्या मदतीने चीक घट्ट करतो. त्याला २० ते २८ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. उन्हात ठेवले तर काम थांबते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

जपानी कारागीर यासाठी लाकडी कपाट वापरतात, त्याला मुरो म्हणतात. घरी झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा थर्माकोलचा खोका पुरतो. तळाशी ओले करून घट्ट पिळलेले कापड, त्यावर जाळी, जाळीवर भांडे आणि आत वीस-पंचवीस रुपयांचा नव्हे तर बऱ्यापैकी विश्वासाचा आर्द्रतामापक. कापड भांड्याला चिकटू देऊ नका आणि झाकणाखाली पाण्याचे थेंब जमले तर कापड काढून पुन्हा पिळा. थेंब ओल्या उरुशीवर पडला की तिथे पांढरट डाग कायमचा राहतो.

आपल्याकडे ऋतूप्रमाणे हिशेब बदलतो. एप्रिलमध्ये पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत डब्याशिवाय काहीच होणार नाही. जुलैमध्ये मुंबई-कोकणात उलटे. तिथे बाहेरची हवाच मुरो असते आणि उरुशी फार झपाट्याने वाळते. वरची साय आधी घट्ट होते, आतला चीक ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. अशा दिवसांत डब्यात ओले कापड ठेवू नका, थर नेहमीपेक्षा पातळ द्या. शक्य असेल तर पंखा-एसीच्या खोलीत ६५ टक्क्यांवर काम सुरू करा.

तुकडे जुळवणे

आधी भांडे कोणत्या मातीचे आहे ते ओळखा. तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब तसाच बसला तर ते पोर्सेलेन किंवा घट्ट भाजलेले दगडी भांडे (जपानी घराण्यांपैकी आरिता, बिझेन). थेंब लगेच शोषला गेला तर माती सच्छिद्र आहे (हागी, राकू). सच्छिद्र मातीत उरुशी झिरपते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग धरतो. तो पुढे निघत नाही. म्हणून अशा भांड्याच्या चिरेलगत आतून-बाहेरून रबरी मास्किंग द्रव लावून ठेवा आणि कामानंतर तो सोलून काढा.

तुकडे भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवा. पोर्सेलेनला एक दिवस, हागीसारख्या मातीला तीन दिवस द्या. तुटलेल्या कडांवर जिथे झिलई धारदार आहे, तिथे हिऱ्याच्या कानशीने अगदी हलका हात मारा. केसाएवढी जागा झाली तरी पुरे. त्या जागेत चिकटवणाऱ्या उरुशीला बसायला जागा मिळते. मग कच्ची उरुशी कडांना लावून टिश्यूने पुसा आणि मुरोत एक रात्र ठेवा. पोर्सेलेनवर उरुशीची पकड सैल असते, तिथे हाच थर १२० ते १४० अंशांवर एक तास भाजला तर तो फार घट्ट बसतो. त्यासाठी ओव्हन मात्र स्वयंपाकाचा नको, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

आता कोरडी तालीम. सगळे तुकडे नुसते जुळवून पाहा, टेपवर क्रमांक लिहा आणि कोणत्या क्रमाने लावायचे ते ठरवा. बुडापासून वर जायचे. मधला एखादा तुकडा शेवटी ठेवला तर तो आत शिरत नाही, कारण प्रत्येक सांध्यात उरुशीची किंचित जाडी वाढलेली असते.

चिकटवायला मुगी-उरुशी लागते. साधारण १२ सेंटिमीटरच्या वाडग्याला १ ग्रॅम मैदा घ्या आणि त्यात थेंबाथेंबाने ०.७ ते ०.८ ग्रॅम पाणी घालून काचेवर पात्याने मळा. कानाच्या पाळीइतका मऊ गोळा होऊन ताणला की लांबायला हवा. मग जवळजवळ तेवढीच, म्हणजे दीड ते पावणेदोन ग्रॅम कच्ची उरुशी तीन-चार वेळा करून मिसळा. पाते वर उचलल्यावर लांब तार सुटली की झाले. पाणी जास्त झाले तर सांधा ठिसूळ राहतो. उरुशी जास्त झाली तर तो आतून महिनाभर वाळत नाही.

दोन्ही कडांना पातळ, एकसारखा थर द्या आणि १५ ते ३० मिनिटे उघडे ठेवा. दुधाळ रंग तपकिरी होऊ लागला की पकड चढते. मग तुकडे दाबून बसवा, थोडी उरुशी बाहेर यायला हवी, आणि टेपने ताणून बांधा. आता डोळे मिटून नखाने सांध्यावर आडवे फिरवा. नखाला पायरी लागली तर त्याच क्षणी सारखे करा. बुडाजवळची पाव मिलिमीटरची चूक वरच्या काठापर्यंत पोहोचता पोहोचता एक मिलिमीटर होते, आणि मग शेवटचा तुकडा बसत नाही.

मुरोत दोन आठवडे ठेवा, जाड सांध्याला तीन. एका आठवड्याने टेप काढून पाहण्याचा मोह टाळा. बाहेर आलेला भाग घट्ट झाल्यामुळे आतला ओला आहे हे कळत नाही, आणि भांडे हातात सुटते. बाहेर आलेली उरुशी पूर्ण वाळल्यावर पात्याने खरवडा.

टवके आणि फटी भरणे

इथे दोन प्रकारची लांबी, म्हणजे भरायची पुट्टी लागते. टवका ३ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर कोकुसो, म्हणजे मुगी-उरुशीत लाकडाचा वस्त्रगाळ भुसा घालून केलेला गोळा. बोटाला चिकटत नाही पण मळता येतो, एवढा भुसा. सागाचा भुसा घेऊ नका, त्यातले तेल उरुशीला वाळू देत नाही. देवदार किंवा पाइन चालतो. एका वेळी ३ मिलिमीटरहून जाड भरू नका आणि प्रत्येक थराला आठवडा द्या. एकदम खड्डा बुजवला तर वरून दगडासारखे आणि आत चिकट राहते.

त्यावर आणि बारीक फटींत साबी. तोनोको नावाची धार लावायच्या दगडाची बारीक माती पाण्यात कालवून लांबीसारखी करा आणि आकारमानाने दोन भागांना एक ते दीड भाग कच्ची उरुशी मिसळा. तोनोकोऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा व्हाइट सिमेंट घालू नका. प्लास्टर पुढे पाणी पीत राहते आणि वरचे सोने उचलले जाते. साबी एका वेळी अर्धा ते एक मिलिमीटर लावायची, दोन दिवस वाळवायची, पुन्हा लावायची. दोन-तीन थर लागतातच, कारण ती आकसते. उरुशी कमी पडली तर साबी घासताना पिठासारखी सुटते. त्या वेळी तिच्यावर कच्ची उरुशी पाजून, पुसून, वाळवून ती वाचवता येते. उरुशी जास्त झाली तर सुरकुतते, ती मात्र खरवडून टाकावी लागते. कालवलेली साबी त्याच दिवशी संपवा, उरलेली डब्यात ठेवून उपयोग नाही.

घासायला वॉटर पेपर ४०० पासून ८०० पर्यंत, थोडे पाणी लावून. कागदाची नखाएवढी चकती घडी करून फक्त साबीवरच फिरवा. झिलईवर ओरखडा गेला तर तो सोन्याच्या रेषेबाहेर राहून कायम दिसतो. झिलईवर सोन्याची किंवा रंगाची नक्षी असेल तर दोन्ही बाजूंना टेप लावूनच घासा. बोटाने सांधा लागेनासा होईपर्यंत हे काम संपत नाही. पुढचे सोने खालचा प्रत्येक खळगा उघड दाखवते, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असे आम्ही आग्रहाने सांगतो.

काळा थर, मग सोने

काळी उरुशी गाळणीच्या कागदातून पिळून घ्या आणि बारीक कुंचल्याने साबीवरून एक ते दोन मिलिमीटर रुंद रेष ओढा. थर इतका पातळ हवा की खालचे तपकिरी थोडे दिसावे. मुरोत दोन दिवस, मग १००० ते १५०० च्या वॉटर पेपरने पाण्यासह हलकेच घासा, आणि पुन्हा एक थर. कुंचला कामानंतर गोडेतेलाने धुतात. पुढच्या वेळी वापरण्याआधी ते तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढावे लागते. रेष चार-चार दिवस चिकटच राहिली तर बहुतेक वेळा दोष कुंचल्यात राहिलेल्या तेलाचा असतो.

सोन्याची पूड दोन तऱ्हेची. केशीफुन ही अत्यंत बारीक. ती थोडी लागते, मऊ मंद चमक देते आणि घासावी लागत नाही. मारुफुन रवाळ असते. ती जास्त लागते आणि अकीकाच्या दगडाने झिलवावी लागते, पण वर्षानुवर्षे टिकते. पहिल्या कामाला केशीफुन घ्या. तीन तुकड्यांच्या वाडग्याला ०.१ ते ०.२ ग्रॅम पुरते. रोज तोंडाला लागणारा काठ असेल तर पुढे मारुफुनकडे वळावे.

बेन्गारा उरुशीची रेष काळ्या रेषेवर, तिच्याहून कणभर आत, शक्य तितकी पातळ ओढा. मुरोत २० ते ४० मिनिटे ठेवा. हा वेळ घड्याळावर ठरत नाही. रेषेवर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडा. ओल्या उरुशीवर वाफेचा काहीच मागमूस दिसत नाही. ती वाळू लागली की वाफ बसताच लाल रेषेवर क्षणभर निळसर पांढुरकी झाक येते आणि पाहता पाहता निघून जाते. जपानी कारागीर हीच खूण पाहून पुडीला हात घालतात. यापूर्वी सोने टाकले तर ते उरुशीत बुडते आणि मळकट तांबूस दिसते. उशीर केला तर ते पकडत नाही आणि मध्ये मध्ये तुटक राहते.

रेशमाच्या मोकळ्या तंतूंचा सुपारीएवढा बोळा सोन्यात टेकवा. सोने आधी रेषेच्या शेजारी टाका आणि तिथून बोळ्याने हळूहळू रेषेवर ढकलत आणा, म्हणजे बोळा ओल्या उरुशीला सरळ टेकत नाही. जास्तीची पूड मऊ ब्रशने कागदावर गोळा करून परत पुडीत भरा. तीन दिवस मुरो. केशीफुन असेल तर रेशमाने अलगद पुसले की झाले. मारुफुनला आठवड्याने टर्पेंटाइनने पातळ केलेली कच्ची उरुशी लावून लगेच टिश्यूने टिपा, आणखी दोन दिवस वाळवा आणि अकीकाने झिलवा.

सोने परवडत नसेल तर कथील घ्या. ते काळे पडत नाही. चांदी वर्षभरात करडी होते, काहींना तेच आवडते. पितळ खाण्याच्या भांड्याला नको.

वापरण्याआधी किमान एक महिना थांबा. किन्त्सुगीचे भांडे मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि गॅस यांपासून लांब ठेवा आणि रात्रभर पाण्यात भिजवू नका.

इतिहासाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती जिथे तिथे चुकीची सांगितली जाते. शोगुन (जपानचा लष्करी शासक) आशिकागा योशिमासाकडच्या फुटलेल्या हिरव्या चिनी वाडग्याची कथा किन्त्सुगीचा उगम म्हणून देतात. तो वाडगा आज टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण त्याची दुरुस्ती धातूच्या टाक्यांनी केलेली आहे, त्यावर उरुशी-सोन्याचा सांधा नाही. सोन्याचा सांधा भांड्याचाच भाग होऊन कसा बसतो हे पाहायचे असेल तर होनआमी कोएत्सु (१५५८–१६३७) याचा ‘सेप्पो’ हा लाल राकू वाडगा पाहावा. तिथे भट्टीत पडलेल्या तड्यांत सोने भरलेले आहे.

एखादा तुकडा हरवला असेल तर दुसऱ्या भांड्याचा तुकडा बसवतात, ती योबित्सुगी. दोन्हींची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या फरकात आणि बाक सारखा हवा. तो तुकडा हिऱ्याच्या टोकाने पाण्याखाली घासून भोकापेक्षा सर्व बाजूंनी एक मिलिमीटर लहान करा आणि फट कोकुसोने भरा. कोरडे घासू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक असते.

पाण्याच्या भांड्याला लाकडी झाकण

चहाविधीत थंड पाण्याच्या भांड्याला (मिझुसाशी) बऱ्याचदा काळ्या उरुशीचे लाकडी झाकण असते. शिगाराकी, इगा, बिझेनची जुनी बरणी या कामाला घेतली की तिला स्वतःचे झाकण नसे, ते सुताराकडून करून घेत.

इथे हिशेब महत्त्वाचा आहे. लाकडातला ओलावा एक टक्का वाढला की सामान्यपणे कापलेली फळी रुंदीत साधारण ०.२५ टक्के फुगते, तर लाकडाच्या रेषा सरळ उभ्या येतील अशी, म्हणजे ओंडक्याच्या केंद्राकडून कापलेली फळी सुमारे ०.१२ टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत लाकडातला ओलावा दहा टक्क्यांनी चढला, तर १५ सेंटिमीटरचे साधे झाकण पावणेचार मिलिमीटर वाढेल आणि उभ्या रेषांचे पावणेदोन ते दोन. म्हणजे लाकूड निवडतानाच अर्धे काम होते. उरुशी ही हालचाल मंद करते, पण थांबवत नाही. एप्रिलमध्ये घट्ट बसणारे झाकण जुलैत मातीचा काठ फोडू शकते.

उभ्या रेषांची, पूर्ण वाळलेली, ६ मिलिमीटर जाडीची देवदार किंवा तत्सम फळी घ्या. हाताने घडवलेल्या भांड्याचे तोंड कधीच खरे गोल नसते, त्यामुळे कर्कटकाने वर्तुळ काढू नका. काठाच्या आतल्या पायरीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून साचा घ्या आणि भांड्याची पुढची बाजू कागदावर खुणा करून ठेवा. साच्यापेक्षा झाकण कापताना रेषांना काटकोनात प्रत्येक बाजूला उन्हाळ्यात १.२ मिलिमीटर सोडा, भर पावसात काम करत असाल तर अर्धा मिलिमीटर पुरे. रेषांच्या दिशेत अर्धा मिलिमीटर कधीही चालतो. कडा एक मिलिमीटर गोल करा. टोकदार कड मातीवर आपटली की झिलईचा टवका उडतो.

काळी चकचकीत लेप-पद्धत शिकायला वर्षे जातात. फुकी-उरुशी मात्र घरी जमते. ४०० ने घासलेल्या लाकडावर कच्ची उरुशी फासा, पाच-दहा मिनिटांनी धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे वाटेपर्यंत पुसा, रात्रभर मुरो, मग ६०० ने हलके घासून पुन्हा. सहा वेळा. खालची बाजू पाण्याकडे असते म्हणून तिला दोन वेळा जास्त. कडेची तोंडे, जिथे लाकडाचे तंतू उघडे पडतात, ती उरुशी अधाशासारखी पितात. तिथे पुसल्यावरही कोरडे दिसले तर लगेच दुसऱ्यांदा पाजा. वरून चार आणि खालून एकच थर दिला तर झाकण बशीसारखे वाकते. कारण दोन बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात.

दोबिनला वेताची मूठ

दोबिन म्हणजे वर दोन कान असलेली चहाची किटली. जपानमधल्या माशिको गावच्या निसर्गचित्र रंगवलेल्या दोबिन प्रसिद्ध आहेत. तिची मूठ बांबू, वेल किंवा वेताची असते आणि ती झिजली की बदलायची असते.

दोन कानांमधून, झाकणाच्या बोंडापासून ४–५ सेंटिमीटर वर जाणारी कमान सुतळीने मोजा. समजा ती २६ सेंटिमीटर भरली. ५ मिलिमीटर जाडीच्या वेताच्या दोन काड्या प्रत्येकी ३६ सेंटिमीटर कापा, म्हणजे दोन्ही टोकांना परत वळवायला ५-५ सेंटिमीटर राहतात. टोके चाकूने तिरपी तासून निम्मी करा. कोमट पाण्यात पाऊण तास भिजवा. गुंडाळायची अडीच मिलिमीटरची वेताची साल पंधरा-वीस मिनिटेच. जास्त भिजली की ती करडी पडते आणि धागे सुटतात.

काड्या शेजारी शेजारी ठेवून, टोके कानांतून बाहेरून आत घालून वर वळवा आणि दोऱ्याने तात्पुरती बांधा. कानाच्या आत २ मिलिमीटर ढील ठेवा. वेत वाळताना आखडतो आणि ढील नसेल तर तो दोन्ही कान एकमेकांकडे ओढतो. कानाच्या मुळाशी बारीक तडा जातो आणि पहिल्यांदा उकळते पाणी ओतले की तिथून पाणी गळू लागते. ढील असली की मूठ एका बाजूला पाडून झाकणही सहज काढता येते.

साल गुंडाळायला किती लागेल? २६ सेंटिमीटरला अडीच मिलिमीटरचे सुमारे १०४ वेढे, प्रत्येक वेढा साधारण २.६ सेंटिमीटर, म्हणजे २ मीटर ७० सेंटिमीटर. दुमडलेल्या टोकांपाशी वेढा मोठा होतो, त्यामुळे साडेतीन मीटरचा एकच अखंड तुकडा घ्या. मध्ये जोड आला तर तो हाताला टोचतो. सालीचे पहिले टोक काड्यांच्या लांबीने सपाट ठेवून त्यावरूनच वेढे द्या. शेवटचे पाच वेढे सैल ठेवून टोक त्यांखालून मागे ओढा, मग ते पाच वेढे एकेक करून आवळा. साल मध्येच कोरडी वाटली तर ओल्या बोटाने पुसत राहा, कोरडी साल बाकावर चिरते.

सावलीत दोन दिवस वाळवा, पंख्याखाली नको. मग घडी केलेल्या टॉवेलवर दोबिन पाण्याने पूर्ण भरून फक्त दोन सेंटिमीटर उचला आणि कानांपाशी वेत सरकतो का ते पाहा. सरकला तर टोके सोडून पुन्हा बांधावी लागतील. हवे तर कानांपाशी असलेल्या वळशांनाच उरुशीचा एक हात द्या. तिथे वाफ लागते. हाताने धरायचा भाग कोरा ठेवावा असे आमचे मत आहे, त्याला वापरानेच रंग चढतो. पावसाळ्यात वेतावर बुरशी धरते. दोबिन कपाटात ठेवताना झाकण काढून ठेवा, मूठ मधल्या बाजूने भिंतीला टेकू देऊ नका, आणि बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झटकून मूठ एक दिवस वाऱ्यावर ठेवा. धुऊ मात्र नका, कारण भिजलेला वेत पुन्हा आखडतो आणि कानांपाशी ठेवलेली ढील कमी होत जाते.